घोटाघोटाचा हिशोब

चिपळूणहून गुहागरकडे जाताना वाटेत गिमवी लागतं. एसटीत डुलकी लागलेल्या माणसाला ते कधी आलं नि कधी मागे पडलं, कळतही नाही. कृमींचा अभ्यास करणाऱ्यांच्या जगात मात्र या गावाचं नाव पक्कं आहे. १९५२ साली गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी जाहीर केलं, की इथल्या माणसांच्या लघवीत शिस्टोसोमा जातीच्या कृमीची अंडी सापडतात. लघवीतून रक्त पाडणारा हा आजार तोवर नाइलच्या काठचा, आफ्रिकेचा मानला जाई. भारतात त्याने मूळ धरलेलं एक गाव सापडलं, ते हे. गोड्या पाण्यातली, जेमतेम काही मिलिमीटरची फेरिसिया नावाची गोगलगाय या कृमीची वाहक म्हणून पुढे आली. त्यावर शोधनिबंध निघाले. आजार यथावकाश ओसरला, पण उष्ण प्रदेशातल्या रोगांच्या पुस्तकांत गिमवी राहिलं ते राहिलंच.

एका गावाच्या लघवीची दखल विज्ञानाने इतकी घेतली, कारण आजार दुर्मीळ होता. त्याच तालुक्यात, त्याच काळात आणि आजही, लघवीचे जे त्रास घरटी आहेत त्यांच्यावर निबंध निघत नाहीत, गावात बोलणंही होत नाही. ते बायकांचे त्रास आहेत आणि नेहमीचे आहेत. एवढं त्यांच्याकडे पाठ फिरवायला पुरतं.

गुहागरहून उत्तरेला, वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते त्या मुखाच्या दक्षिण काठावर अंजनवेल आहे. वर गोपाळगडाचा तट, त्याच्या आत आंब्याची झाडं, पलीकडे टाळकेश्वर आणि दीपगृह. खाडीपलीकडे दाभोळ, अलीकडे वेलदूर, आणि मध्ये एन्रॉनच्या नावाने देशभर गाजलेला वीजप्रकल्प. ३ जून १९९७च्या पहाटे वेलदूरच्या घरांत पोलीस शिरले आणि आंदोलन करणाऱ्या बायकांना मारहाण करत घेऊन गेले, याची नोंद ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालात आहे. म्हणजे या किनाऱ्यावरची बाई गप्प बसणारी, असं कुणी म्हणू नये. कंपनीविरुद्ध, सरकारविरुद्ध ती उभी राहिली. जळजळ होते, शिंकलं की थेंब जातो, हे मात्र ती सख्ख्या जावेलाही सांगत नाही.

तिच्या दिवसाकडे पाहिलं की बरंच काही कळतं. मासळी विकणारी पहाटे चहा घेऊन बाहेर पडते, बंदरावर माल उचलते, पाटी डोक्यावर घेऊन टेंपो किंवा एसटी गाठते आणि बाजारात बसते. एकदा बसली की टोपली सोडून उठायची सोय नाही. शेजारणीला सांगून गेलं तर जायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या बागेत कामाला जाणारीचं तेच. पुरुष गडी झाडाआड जाऊन येतो, ती दुपारपर्यंत कळ काढते. जून-जुलैच्या लावणीत चिखलात ओल्या कपड्यांनी वाकलेली बाई, शाळेतली बाई, अंगणवाडीची सेविका, एसटीतली महिला वाहक, कामं निरनिराळी असली तरी एक गोष्ट सगळ्यांनी आपापली शोधून काढलेली असते. पाणी प्यायचंच नाही. प्यायलंच तर घसा ओला होईल इतकं. बाहेर पडायच्या आधी तासभर तर नाहीच.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभ्याच्या सड्यावरून बराचसा समुद्राला जाऊन मिळतो. एप्रिल उजाडला की कित्येक वाड्यांच्या विहिरी तळ दाखवतात, टँकर सुरू होतात. घरातलं पाणी मोजून वापरायचं असलं की कात्री पहिल्यांदा कुणाच्या पेल्याला लागते, हे सांगायला नको. पण टंचाई नसलेल्या घरातली बाईही बाहेर पडताना तहान मारतेच. त्यामागे विहीर नसते, वाटेवरचं शौचालय असतं. किंवा नसतं.

लोक या सगळ्याला ‘लघवी धरून ठेवणं’ म्हणतात आणि डॉक्टरही बहुधा तिथेच बोट ठेवतात. त्याबाबत एक जुना अभ्यास वेगळंच दाखवतो. अमेरिकेत १९९७ साली नायगार्ड आणि लिंडर या दोघांनी प्राथमिक शाळांतल्या ७९१ शिक्षिकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या निम्म्या जणींनी सांगितलं, की शाळेत असताना शौचालयाला जावं लागू नये म्हणून आम्ही मुद्दाम कमी पाणी पितो. या शिक्षिकांना मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका पुरेसं पाणी पिणाऱ्यांच्या २.२१ पट निघाला. आणि कामावर असताना किती वेळा जाता, किती वेळ थांबता, याचा संसर्गाशी संबंध त्यांना आढळला नाही. लघवी रोखून धरावी, असा अर्थ कुणी काढू नये. वर्षानुवर्षं रोखण्याचे स्वतःचे तोटे आहेत. मुद्दा एवढाच, की जास्त नुकसान कदाचित घोट नाकारला त्या क्षणीच होतं. एका अभ्यासावर सगळी इमारत उभी करू नये हेही खरं. पण अमेरिकेतल्या शाळेत, जिथे नळाला पाणी आणि दाराला कडी असते, तिथे हे दिसत असेल तर भर वैशाखात गुहागरच्या बाजारात काय होत असेल?

शरीराची रचनाही बाईला फार सवलत देत नाही. पुरुषाची मूत्रनलिका साधारण १८ ते २० सेंटिमीटर, बाईची जेमतेम ४. तिचं तोंड गुदद्वाराच्या जवळ. आतड्यात सुखाने नांदणारा ई. कोलाय हा जिवाणू एवढं अंतर सहज कापतो. साध्या मूत्रसंसर्गांपैकी सुमारे तीन चतुर्थांश त्याच्याच नावावर जमा आहेत. त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात, त्यांच्या टोकांनी तो मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला चिकटतो. प्रवाह जोरात आणि वारंवार आला तर पुष्कळसे वाहून जातात. दिवसभरात दोनदाच, तीही गडद पिवळी, थोडीशी लघवी होत असेल तर त्यांना धुऊन काढणारं कुणी नाही. पोषक परिस्थितीत हा जिवाणू वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. सकाळी नऊला बाजारात बसलेली बाई दुपारी तीनला उठते, तेवढ्यात त्याच्या किती पिढ्या होतात याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

निम्म्याहून अधिक स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. ज्यांना एकदा झाला त्यांच्यातल्या साधारण चौथ्या हिश्शाला सहा महिन्यांच्या आत पुन्हा होतो. जगभरात २०१९ या एका वर्षात मूत्रसंसर्गाचे ४० कोटींवर रुग्ण आणि दोन लाखांवर मृत्यू झाल्याचा अंदाज जागतिक आजारभाराच्या अभ्यासात आहे. साध्या दुखण्याने इतकी माणसं कशी मरतील, असं वाटेल. संसर्ग मूत्राशयातून वर मूत्रपिंडात चढला, थंडी वाजून ताप आला, पाठीत कळा आल्या आणि तरीही बाई ‘अंग मोडून आलंय’ म्हणत भात शिजवत राहिली, की जंतू रक्तात उतरायला फार वेळ लागत नाही. अंगात मधुमेह असला तर आणखीच कमी. भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे गेल्याचं आयसीएमआरच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. कोकणातलं खेडंही आता त्याला अपवाद नाही.

जळजळ सुरू झाली की पहिला उपाय घरचा. उन्हाळी लागली म्हणायचं, उष्णता वाढली म्हणायचं आणि धने-जिरे भिजवायचे. कुणी सब्जा देतं, कुणी वाळ्याचं पाणी, कुणी शहाळं, कुणी गोखरूचा काढा. मुतखड्याचा संशय असला तर कुळथाचं कढण. याला हसण्याचं कारण नाही. यातल्या बहुतेक उपायांत औषध धन्यात कमी आणि तांब्याभर पाण्यात जास्त असतं, आणि ते पाणी पोटात गेलं की बरं वाटतंच. बल्गेरियातल्या सोफिया शहरात एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रिया घेतल्या. त्यांच्यातल्या निम्म्यांना रोज दीड लिटर जादा पाणी प्यायला सांगितलं. वर्षअखेरीस त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झालेला होता, उरलेल्यांना ३.२ वेळा. औषधाविना इतका फरक. याउलट आजकाल मोबाइलवर जाहिराती येतात त्या डी-मॅनोज नावाच्या महागड्या भुकटीची ब्रिटनमध्ये सुमारे ६०० स्त्रियांवर चाचणी झाली, तिचा निकाल २०२४मध्ये आला. फायदा दिसला नाही. धने स्वस्त तरी आहेत.

घोळ होतो तो पुढे. चार दिवसांनी धन्याच्या पाण्याने भागत नाही, तेव्हा मुलाला औषधाच्या दुकानात पिटाळलं जातं. आईला काय होतंय हे त्याला सांगितलेलं नसतं, तो दुकानदाराला ‘पोटात दुखतंय’ सांगतो. दोन-तीन प्रतिजैविकाच्या गोळ्या कागदात गुंडाळून येतात. जळजळ थांबते, उरलेल्या गोळ्या देवळीत जातात, आणि मेले नाहीत ते जिवाणू ते औषध ओळखून बसतात. एके काळी सर्रास चालणारी सिप्रोफ्लोक्सासिनसारखी औषधं आता साध्या मूत्रसंसर्गावर डॉक्टर शक्यतो पहिल्यांदा देत नाहीत, याचं हेही एक कारण आहे. त्यांच्याऐवजी नायट्रोफ्युरँटोइनसारख्या जुन्या गोळ्या पुन्हा पुढे आल्या आहेत. चार-पाच दिवस, नेमून दिलेल्या वेळी, शेवटच्या गोळीपर्यंत.

खरं तर एक तपासणी करून घेतली तर अंधारात तीर मारावा लागत नाही. रंगीत चौकोनांची कागदी पट्टी लघवीत बुडवून काढायची आणि मिनिट-दोन मिनिटांत डबीवरच्या रंगांशी ताडायची. एक चौकोन पांढऱ्या पेशी दाखवतो, एक नायट्राइट. अन्नातून आलेल्या नायट्रेटचं ई. कोलाय नायट्राइट करतो, म्हणून तो चौकोन गुलाबी होतो. मात्र त्यासाठी लघवी चारेक तास आत राहिलेली हवी, म्हणजे सकाळची पहिली बरी. नमुना देण्याचीही पद्धत आहे. अंग धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार बाटलीत. हे वाक्य स्पष्ट शब्दांत सांगणारं माणूस दवाखान्यात असलं तर निम्मं काम होतं. बहुतेक वेळा हातात बाटली देऊन ‘तिकडे जा’ एवढंच सांगतात. आलेला नमुना आतल्या जंतूंचा की बाहेरच्या, हे मग प्रयोगशाळेलाही सांगता येत नाही.

गरोदरपणी या पट्टीचं महत्त्व वेगळं. या काळात संप्रेरकांमुळे मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढत्या गर्भाशयाचा दाब येतो, लघवी साचून राहते. १०० गरोदर स्त्रियांपैकी २ ते १० जणींच्या लघवीत काहीही त्रास नसताना जिवाणू सापडतात. उपचार झाले नाहीत तर त्यांच्यातल्या चौथ्या हिश्शाच्या आसपास स्त्रियांना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होऊ शकतो, आणि त्यासोबत दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याचा, बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका. जागतिक आरोग्य संघटना म्हणूनच २०१६पासून गरोदरपणात लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी करावी असं सांगते. आपल्याकडे उपकेंद्रावर आरोग्यसेविका प्रत्येक गरोदर बाईची लघवी तपासते खरी, पण ती प्रामुख्याने प्रथिनं आणि साखर यांच्यासाठी. तीही गरजेची. रक्तदाबाचा धोका प्रथिनांवरून कळतो. मात्र ‘लघवी तपासली, चांगली आहे’ हे ऐकून घरी आलेल्या सुनेला संसर्ग नाहीच, असं समजायचं कारण नाही. कल्चर जमत नसेल तिथे निदान एका पट्टीऐवजी दुसरी पट्टी, यापलीकडे मोठा खर्च नाही.

आता दुसऱ्या त्रासाकडे यायला हवं. तो दुखत नाही, म्हणून तर तो वर्षानुवर्षं लपतो.

गौरी घरात आल्या की रात्र रात्र फुगड्या चालतात. अंगणात नव्या सुना, माहेरवाशिणी, शाळकरी पोरी. तिशी-पस्तिशीच्या, दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बायका हळूहळू कडेला सरकतात. कुणी ओढलं तर गुडघ्यांचं निमित्त सांगतात. काहींचे गुडघे दुखत असतीलही. पुष्कळ जणींना ठाऊक असतं, की दोन गिरक्यांत लुगडं ओलं होईल. खोकला, शिंक, हसू, हंडा उचलणं, जिना चढणं, पोटावर ताण आला की थेंब जातो. ओटीच्या तळाशी झोळीसारखे पसरलेले स्नायू मूत्राशय आणि गर्भाशय पेलून धरतात. बाळंतपणात ते ताणले जातात, आणि बाळंतीण महिन्याभरात पुन्हा पाण्याला, लाकडांना, पाटीला लागली की त्यांना सावरायला वेळ मिळत नाही. ताण वाढत गेला तर ‘अंग बाहेर येतं’. हेही कुणाला सांगायचं नसतं. लखनौच्या एका रुग्णालयातल्या ३,००० स्त्रियांच्या पाहणीत २१.८ टक्के जणींना लघवीवर ताबा न राहण्याचा त्रास निघाला, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींचा हा असाच, शिंक-खोकल्याचा. पाचातली एक. तो आकडा कोकणाला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण फुगडीच्या अंगणातल्या कडेच्या बायका मोजून पाहायला हरकत नाही.

या गळतीने जीव जात नाही, पण बाईचं जग लहान होत जातं. ती लग्नाला गेली तर दाराजवळ बसते. देवळात गाभाऱ्याकडे जात नाही, सोवळ्याच्या कामातून अंग काढून घेते. अंजनवेल-दाभोळच्या पट्ट्यात मुसलमान घरं पुष्कळ आहेत. तिथल्या बाईची अडचण आणखी वेगळी. थेंब गेला की नमाजासाठी केलेला वुजू मोडतो, पुन्हा हातपाय धुणं आलं. धर्मशास्त्राने अशा कायमच्या त्रासाला सवलत ठेवलेली आहे, पण ती मागायची तर आधी त्रास सांगावा लागतो. नवऱ्याजवळ जाणं टाळलं जातं, त्याचे अर्थ भलतेच निघतात. रात्री तीन-तीनदा उठावं लागतं, झोप होत नाही, दिवसा चिडचिड. आणि पुन्हा तोच उपाय, पाणी कमी करायचं. त्याने लघवी दाट होते, मूत्राशय अधिकच चाळवतं आणि संसर्गाला दार उघडं मिळतं. पहिला त्रास लपवायला केलेल्या उपायाने दुसरा पदरात पडतो.

पुरुषांचं पाहा. पासष्टीच्या पुढच्या गृहस्थाला प्रोस्टेटचा त्रास सुरू झाला की पारावर त्याची चर्चा होते. कुठला डॉक्टर, दुर्बिणीने की टाके घालून, किती खर्च आला, सगळं. कुणी लाजत नाही. लाजू नयेच. तेवढा निर्लज्जपणा बायकांच्या वाट्याला आला असता तर अर्धे दवाखाने वेळेवर गाठले गेले असते.

महाराष्ट्रात हे मौन मोजण्याचा एक थोर प्रयत्न होऊन गेला आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. दवाखान्यात येणाऱ्या तेवढ्यांची नाही, गावातल्या, आजारी आहे म्हणणाऱ्या आणि न म्हणणाऱ्या अशा दोघींचीही. जानेवारी १९८९च्या ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, एकीला सरासरी ३.६. आणि त्याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. तोवर ग्रामीण बाईच्या आरोग्याचा विचार कुटुंबनियोजन आणि बाळंतपण यापलीकडे जात नसे. तो अभ्यास स्त्रीरोगांचा होता, लघवीचा नव्हे. पण पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला आग होणं ही दुखणी बाईच्या अंगात वेगवेगळ्या कप्प्यांत राहत नाहीत, आणि लपवण्याची रीत तर एकच.

वेळेवर तपासलं नाही की टोकाला काय होतं, ते बीडने दाखवलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना फडावर ना आडोसा, ना पाणी. पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेलेल्या तिशीतल्या बाईला ‘पिशवी काढून टाक’ असा सल्ला. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांच्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. साधारण सहातली एक. संसर्गावर पाच-सात दिवसांच्या गोळ्या आणि फडाजवळ एक आडोसा यांनी यातल्या किती जणींची शस्त्रक्रिया टळली असती, हा प्रश्न त्या आकड्याला कायमचा चिकटलेला आहे.

कोकणात फड नाही, रस्ता आहे. गणपतीत मुंबईहून गावाकडे निघालेल्या गाड्या पनवेलपासून अडकत येतात. महामार्गाचं चौपदरीकरण किती वर्षं चाललंय, हा आता विनोदाचा विषय झाला आहे. बारा-चौदा तासांच्या या प्रवासात पुरुष गाडी थांबेल तिथे उतरतात. बायका आदल्या रात्रीपासून पाणी सोडतात. चाकरमान्यांच्या घरची नोकरी करणारी, शिकलेली, बाटलीतलं पाणी विकत घेऊ शकणारी बाईसुद्धा या रस्त्यावर बाजारातल्या मासळीवाल्या मावशीच्या पंगतीला येऊन बसते. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. चांगली गोष्ट झाली, बायका बाहेर पडू लागल्या, माहेरी, दवाखान्यात, बाजारात. प्रवास वाढला तशी स्थानकांतली सोय वाढली का, हे कुठल्याही स्थानकाच्या मागच्या बाजूला जाऊन पाहावं. इमारत असते. कडी, पाणी आणि दिवा या तिन्हींपैकी एखादं नसतं, आणि एक नसलं की ती इमारत बाईच्या उपयोगाची राहत नाही.

हा प्रश्न पहिल्यांदा चव्हाट्यावर आणला तो मुंबईच्या वस्त्यांतल्या बायकांनी. २०११च्या सुमारास ‘कोरो’ आणि इतर तीसेक संस्थांनी मिळून ‘राइट टू पी’ची मोहीम उभी केली. त्या वेळी मुंबईत पुरुषांसाठी ५,९९३ सार्वजनिक शौचकूप आणि वर २,४६६ मुताऱ्या होत्या. बायकांसाठी ३,५३६ शौचकूप, मुतारी नाही. पुरुषाची लघवी फुकट, बाईच्या लघवीला पैसे. या मोहिमेतल्या मुमताज शेख यांचं नाव २०१५मध्ये बीबीसीच्या जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत झळकलं. सुरुवातीला लोक नावावरच हसत. सभेत ‘मुतारी’ हा शब्द मोठ्याने म्हणायला बायकांना आधी एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागे. २०१५च्याच डिसेंबरात, पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आला. बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं असणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायमूर्ती अभय ओक आणि रेवती मोहिते डेरे यांच्या खंडपीठाने महापालिकांना बजावलं. एका मराठी मासिकाने न्यायालयात जाऊन हे मिळवलं, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. फक्त आदेश महापालिकांना होता. गुहागरच्या बाजाराला किंवा खाडीकाठच्या थांब्याला महापालिका नाही.

दवाखान्याच्या बाजूने पाहिलं तर यातली फार थोडी दुखणी असाध्य आहेत. गळतीवरचा पहिला उपाय म्हणजे ओटीच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम. अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी तो १९४८मध्ये मांडला. लघवीची धार मध्येच अडवताना जे स्नायू आवळले जातात, ते ओळखायचे. मग एरवी, बसल्या-उभ्या, ते आवळून काही सेकंद धरायचे आणि सोडायचे, दिवसातून तीनदा, दर खेपेला आठ-दहा वेळा. धार अडवणं ओळखण्यापुरतंच, रोजची सवय करायची नाही. मासळी विकायला बसल्या बसल्याही हे करता येतं, कुणाला कळत नाही. तीन महिने नेटाने केलं तर फरक पडतो. २०१८मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात शिंक-खोकल्याच्या गळतीच्या स्त्रियांपैकी व्यायाम केलेल्या ५६ टक्के जणींनी त्रास बरा झाल्याचं सांगितलं, न केलेल्यांपैकी ६ टक्क्यांनी. अंग बाहेर येत असेल तर आतून आधार देणारी रबरी कडी बसवता येते, शस्त्रक्रिया हा पुढचा टप्पा. पाळी गेल्यानंतर वारंवार होणाऱ्या संसर्गाला योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम उपयोगी पडतं. गुहागरला ग्रामीण रुग्णालय आहे, चिपळूणला स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. अंजनवेलच्या बाईला एक दिवसाची मजुरी मोडून एसटीचे दोन प्रवास करावे लागतात, हे खरं. पण ती जात नाही ते बहुधा त्यामुळे नव्हे. बरं होता येतं हेच तिला कुणी सांगितलेलं नसतं. आईला होतं, सासूला होतं, मलाही होणार.

आशाताई घरोघरी जाते, तेव्हा तिच्या वहीत गरोदर बायका, लसी, क्षय, मलेरिया यांचे रकाने असतात. ‘खोकताना लघवी होते का’ हा एक प्रश्न तिने चुलीपाशी बसून, पुरुष घरात नसताना विचारला तर किती बायका हो म्हणतील, याचा अंदाज तिलाच सगळ्यांत बरा असेल. तिच्याही मनात तो प्रश्न स्वतःबद्दल आलेला असतो. दिवसभर दारोदार हिंडणाऱ्या बाईने प्यायचं किती आणि जायचं कुठे?

राहता राहिला आडोशाचा प्रश्न. त्याला पैसे नाहीत हे उत्तर आता चालत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधून दिला. तो इतरत्र वळवायची सोय ठेवली नाही. पाखाडी आणि कमानीच्या कामाला निधी शोधावा लागतो, याला शोधावा लागत नाही. कुठल्या थांब्यावर, कुठल्या बाजारात, खाडीच्या कुठल्या धक्क्याजवळ बायकांची मुतारी हवी, कडी आतून लागते की नाही, पाण्याची टाकी कोण भरणार आणि संध्याकाळी दिवा कोण लावणार, हे ठरवायला महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्याने एक जागा ठेवली आहे. नियमित ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. कित्येक गावांत तिचं इतिवृत्त सह्या गोळा करूनच पुरं होतं. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर, टँकर आणि पाखाडी यांच्या वरती, पहिला विषय म्हणून मुतारी लिहायला लागते ती एक बाई, आणि अनुमोदन द्यायला दुसरी.